जनुकशास्त्रातली पीएचडी: नमुना देणारा माणूस न पाहताच प्रबंध लिहावा का?

रानवारा

मानवी जनुकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाने निदान एक हंगाम तरी नमुने गोळा करायला गेलंच पाहिजे. ज्यांचं रक्त घेतलं त्यांना काय परत दिलं, हेही प्रबंधात लिहिलं पाहिजे. विद्यापीठांनी हे सक्तीचं करावं, असं माझं ठाम मत आहे.

मी याच विषयात पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. आजूबाजूची बरीच मुलं सर्व्हरवरून डेटा उतरवून घेतात, तयार पाइपलाइन (विश्लेषणाच्या प्रोग्रॅम्सची साखळी) चालवतात आणि शीर्षकात 'भारतीय लोकसंख्या' लिहून मोकळी होतात. डेटा आला कुठून, असं विचारलं की गडबडतात. '१००० जीनोम्स' या जगभरच्या लोकांच्या डीएनएचा डेटा खुला करणाऱ्या प्रकल्पात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत. गुजराती नमुने ह्यूस्टनचे, तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ ब्रिटनमधले, पंजाबी लाहोरचे, बंगाली बांगलादेशातले. पाचांतला एकही गट भारतात गोळा केलेला नाही. त्यांच्या आधारे गडचिरोलीच्या माडिया आदिवासींबद्दल काय बोलणार?

दुसरं कारण मला जास्त छळतं. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार, म्हणून १९९०च्या सुमारास ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि जमातीचं मूळ स्थलांतर शोधायला वापरले गेले. हे बाहेर आलं २००३ मध्ये, एका पीएचडीच्या मौखिक परीक्षेत. कार्लेटा तिलौसी ही जमातीतली विद्यार्थिनी तिथे श्रोत्यांत होती. आपल्याच माणसांच्या डीएनएवरचं सादरीकरण ऐकून तिने विचारलं, याला परवानगी घेतली होती का? प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेलं रक्त परत केलं. त्या खोलीत इतके जाणकार बसलेले असताना हा प्रश्न विचारायला जमातीतलंच माणूस यावं लागलं.

आकडेमोड

रानवारा, हवासुपाईंचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तिथे रक्त घेणारे प्रत्यक्ष गावात गेले होते, तरी हे घडलंच.

आणि सक्तीची किंमत कोण मोजणार? जेआरएफ, म्हणजे संशोधकाची शिष्यवृत्ती, २०२३ पासून महिना ३७,००० आहे, आणि ती किती महिने तुंबते हे इथल्या कित्येकांना ठाऊक आहे. आधी नीतिसमितीची मान्यता, मग किटची ऑर्डर, मग सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे डीएनए वाचून घ्यायला, पैसे. यातच पीएचडीची उमेदीची वर्षं निघून जातात. परभणीच्या कॉलेजातून आलेल्या मुलीकडे सिक्वेन्सर नाही, पण लॅपटॉप आहे आणि लिनक्स येतं. खुल्या डेटामुळे तिला या विषयात पहिल्यांदा वाट मिळाली. ती वाट तुम्ही बुजवताय.

विश्लेषण हे काही दुय्यम काम नव्हे. मायबीपीसी३ जनुकात डीएनएच्या २५ अक्षरांची एक तूट असते, दक्षिण आशियातल्या साधारण ४ टक्के लोकांत. २००९ मध्ये तिचा संबंध हृदयाच्या स्नायूंच्या आजाराशी जोडला गेला. ४ टक्के म्हणजे कोट्यवधी माणसं. पुढे रुग्णांचे सिक्वेन्स बारकाईने ताडून पाहिले, तेव्हा हृदयस्नायू जाड होण्याच्या आजारात धोका बहुतांशी त्या तुटीचा नसून, काही जणांतच तिच्या जोडीने येणाऱ्या दुसऱ्या बदलाचा असल्याचं दिसलं. इतक्या लोकांच्या डोक्यावरची टांगती तलवार आकड्यांनी हलकी केली.

जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पाचा जवळपास १०,००० भारतीयांचा डेटा जानेवारी २०२५ पासून फरिदाबादच्या केंद्रातून अर्ज करून मिळतो. तो वाचायला माणसं हवीत. प्रत्येकाने नवे नमुने घ्यायचं ठरवलं तर त्याच पाड्यांवर, त्याच हातांत पुन्हा सुया टोचल्या जातील.

अबोली

मी नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं काम केलंय, लॅब टेक्निशियन म्हणून. दोघांशीही भांडायचं आहे.

आधी तपासणी कशी होते ते सांगते. शाळेच्या व्हरांड्यात टेबल लावायचं. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन नळीतल्या द्रावणात टाकायचा, थोडं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण यात वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला) कोण आणि रुग्ण कोण, ते कळत नाही. त्यासाठी मोठ्या लॅबमध्ये इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी करावी लागते. म्हणजे नमुना पुढे जाणार आणि माणूस वाट बघणार. म्हणून 'रिपोर्ट येईल' या बोलण्याला तिकडे फार वजन आहे.

एकदा एका संस्थेची टीम आली. जांभळ्या टोपणांच्या नळ्या, बर्फाची पेटी, मराठी-इंग्रजीत छापलेलं संमतिपत्र. समोरच्या बाया पावरी बोलणाऱ्या. अंगठे घेतले, रक्त घेतलं, गाडी गेली. रिपोर्ट आजतागायत नाहीत. पुढच्या शिबिराला त्या पाड्यावरून कोणी फिरकलं नाही, सरकारी तपासणीलासुद्धा नाही. २०२३ मध्ये सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा म्हणतात. पण कुणाच्या तरी संशोधनापायी गेलेला विश्वास परत मिळवायला उन्हातान्हात फिरते ती आशाताई. आकडेमोड, तुमच्या फाइलमधल्या एकेका ओळीमागे तिची पायपीट आहे.

आणि रानवारा, तुमची एका हंगामाची फेरीही आम्हाला नको. हात न बसलेला विद्यार्थी लहान पोराची शीर शोधत पुन्हा पुन्हा टोचतो, ते बघवत नाही.

रानवारा

शिरेचं पूर्ण पटलं. रक्त प्रशिक्षित हातानेच घ्यावं. विद्यार्थ्याने संमती घेताना शेजारी बसावं, नळ्यांवर क्रमांक घालावेत, वही लिहावी.

आकडेमोड, याचा तुमच्या विश्लेषणालाच फायदा आहे. यादीत 'पुरुष' लिहिलेल्या नमुन्यात दोन एक्स गुणसूत्रं दिसली, तर संगणकापुढचा विद्यार्थी तो नमुना काढून टाकतो. वही लिहिणाऱ्याला आठवतं, की नवरा-बायको एकापाठोपाठ बसले होते आणि नळ्यांची अदलाबदल झाली असणार. नात्यांचंही तसंच. पाइपलाइनमध्ये 'जवळचे नातेवाईक गाळा' ही पायरी सवयीने चालवली जाते. ज्या पाड्यावर सगळेच एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, तिथे या पायरीला बरीचशी यादी गळते. मग उरलेल्यांवरून जमातीचा इतिहास लिहायचा!

आकडेमोड

वहीचा मुद्दा चांगला आहे. पण ती वही डेटासोबत नीट जपली तर मलाही वाचता येते. त्यासाठी मी स्वतः तिथे असायला हवं असं नाही.

रिपोर्ट परत देण्याबद्दल मात्र सावध राहू या. संशोधनाच्या प्रयोगशाळेतला निकाल म्हणजे निदान नव्हे, तो मान्यताप्राप्त लॅबमध्ये पुन्हा तपासावा लागतो. सिकलसेलचा अर्थ तरी स्पष्ट आहे. बाकी कितीतरी बदलांचा अर्थ आज कुणालाच लावता येत नाही, ते कागदावर लिहून एखाद्या घरात कसे द्यायचे? आणि मुलगी वाहक आहे हे गावात फुटलं तर ठरलेलं लग्न मोडतं. वाहकाला आजार नसतो, नवरा-बायको दोघेही वाहक असले तर मुलाला रोगाचा धोका, तोही प्रत्येक खेपेला चारात एक. हे नीट समजावून सांगायला समुपदेशक लागतो. पीएचडीच्या मुलांना ते शिकवतं कोण?

चौकस

मी गाइड आहे. विद्यार्थ्याने काय करावं यावर सगळे बोलताय, पण नमुने कुठून आणायचे आणि निकालांचं काय करायचं, हे नोंदणीच्या आधीच गाइडने ठरवलेलं असतं. पंचविशीतलं पोर गाइडला काय विचारणार? नीतिसमितीचं पत्र प्रबंधाला जोडतातच. त्याला आणखी एक पान जोडा: कुठल्या गटाचे नमुने, कोणी कधी घेतले, संमती नेमकी कशासाठी होती, आणि लोकांना काय कळवलं. उतरवून घेतलेला डेटा असला तरी हे पान हवंच. सही गाइडची.

अबोली

सर, पान चालेल. पण 'काय कळवलं' एवढ्यावर भागवू नका. कोणत्या भाषेत आणि कोणी जाऊन सांगितलं, तेही त्यात लिहायला लावा. आमच्याकडे टपालाने गेलेले कागद दप्तरातच पडून राहतात. लग्न मोडण्याची भीती खरी आहे, पण ती आम्ही रोजच हाताळतो. मुलीला आणि तिच्या आईला बाजूला घेऊन बोलायचं, चारचौघांत नाव घ्यायचं नाही. हे शिकायला कुणी आलं तर आम्ही शिकवू.

आकडेमोड

त्या पानाला माझा पाठिंबा, माझ्या प्रबंधाला ते मी जोडेन. अबोलीताई, शिकायलाही येईन. फेरीच्या सक्तीला विरोध आहे तो कायम. आता चौकस सरांना एकच विचारायचं आहे: ते पान खोटं निघालं किंवा कोरं राहिलं तर परीक्षक प्रबंध परत पाठवतील का?