3:30 नंतर शेअर घेता येतो का? (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

ए-102 काकू: अहो कोणीतरी सांगा, काल रात्री जेवणं आटपल्यावर मोबाईलवरून बँकेचे थोडे शेअर घेतले, ॲपवर ऑर्डर रिसीव्ह्ड असं पण आलं, आणि आज बघत्ये तर भाव भलताच, रात्री दिसत होता त्यापेक्षा जास्त लावलाय. ही काय फसवाफसवी

बी-304 दादा: काकू फसवलं नाही कोणी. आपला बाजार सकाळी 9:15 ते दुपारी 3:30, रात्री दिसतो तो दुपारचा बंद भाव, आणि तोसुद्धा शेवटच्या सौद्याचा नव्हे तर शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी. तुमची झाली ती एएमओ, आफ्टर मार्केट ऑर्डर, ती रात्रभर ब्रोकरकडे (ज्याचं ॲप आहे ती कंपनी) पडून असते आणि एक्स्चेंजला, म्हणजे शेअर बाजारात, जाते सकाळी. तुम्ही मार्केट ऑर्डर टाकली असणार, मग सकाळी जो भाव निघाला त्याला लागली

ए-102 काकू: मग ॲपवाल्याने तसं लिहायचं ना

बी-304 दादा: लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात 😄 पुढच्या वेळी लिमिट टाका, म्हणजे आपला जास्तीत जास्त भाव, त्याच्या वर घेणार नाही, भाव तिथे आलाच नाही तर संध्याकाळी ऑर्डर आपोआप रद्द. आणि रात्री टाकून झोपेत विचार बदलला तर सकाळी बाजार उघडायच्या आत कॅन्सल करता येते

सी-201 काका: पण आमचा मुलगा न्यू जर्सीला आहे, तो म्हणतो त्यांच्याकडे बंद झाल्यावर खरंच सौदे होतात, आफ्टर अवर्स. मग आपल्याकडे का नाही

बी-304 दादा: काका बरोबर आहे त्याचं. त्यांचा बाजार त्यांच्या दुपारी 4 ला बंद, पुढे 8 पर्यंत आफ्टर अवर्स. आपल्या घड्याळाने म्हणजे थंडीत रात्री 2:30 ते पहाटे 6:30, उन्हाळ्यात एक तास आधी. तिथे ऑर्डरला ऑर्डर जुळून शेअर हातात येतो. आपल्याकडे 3:40 ते 4 एक छोटं सेशन आहे पण ते फक्त बंद भावाला, वर नाही खाली नाही, त्यामुळे तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. एनएसईने (आपला मोठा शेअर बाजार) संध्याकाळी 6 ते 9 फ्युचर्स ऑप्शन्स (पुढच्या तारखेचे सौदे) चालू करू का असं सेबीला (बाजारावर देखरेख करणारी संस्था) विचारलं होतं, 2024 मध्ये सेबीने अर्ज परत पाठवला, ब्रोकर लोकांचंच एकमत नव्हतं. माझ्या मते बरंच झालं, दिवसभर मोबाईलमध्ये डोकं असतंच, अजून रात्रीचं कशाला

बी-503 ताई: मी सकाळी बातम्यांत बघते ना, अमका अमेरिकन शेअर आफ्टर अवर्समध्ये 10 टक्के आपटला वगैरे, आणि दुसऱ्या दिवशी तेवढा पडलेला नसतोच

बी-304 दादा: कारण तिथल्या कंपन्या नफ्यातोट्याचे निकाल बहुतेक वेळा बाजार बंद झाल्यावर देतात, त्यावर पहिली उडी आफ्टर अवर्समध्येच पडते, पण त्या वेळी घेणारे विकणारे मोजकेच, मागणारा आणि देणारा यांच्या भावात अंतर मोठं, म्हणून थोड्याशा शेअरने भाव कुठल्या कुठे जातो. तिथे ब्रोकर सहसा लिमिट ऑर्डरच घेतात ते याचसाठी

सी-201 काका: म्हणजे मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव उरकल्यावर राहिलेल्या टोपलीचा भाव. त्यावरून आज सुरमई काय गेली ते सांगता येत नाही 😂

बी-503 ताई: 👌👌

सेक्रेटरी: चर्चा चांगली आहे पण शनिवारी टाकी साफ करणार आहेत, पाणी भरून ठेवा सर्वांनी.

ए-303 वहिनी: विषय निघालाच आहे म्हणून, आमच्या दिरांना एका ग्रुपमध्ये घेतलंय, तिथे रोज सांगतात 4 नंतर स्पेशल विंडो उघडते, मोठ्या संस्थांच्या खात्यातून शेअर स्वस्तात मिळतो, पैसे आमच्या खात्यावर टाका. ते हेच का आफ्टर अवर्स

बी-304 दादा: नाही नाही वहिनी, पैसे टाकू देऊ नका!! असली विंडो आपल्या कोणासाठी नसते. मोठ्यांचे ब्लॉक डील, म्हणजे एकगठ्ठा सौदे, होतात पण ते कोटींचे आणि एक्स्चेंजच्याच ठरलेल्या वेळेच्या खिडकीत. परदेशी संस्थेच्या खात्यातून शेअर देतो म्हणणाऱ्यांबद्दल सेबीने 2024 लाच सावध केलंय. त्या ॲपवर नफा दिसतो तो नुसता आकडा असतो, काढायला गेलं की आधी टॅक्स भरा म्हणतात

ए-303 वहिनी: अगोबाई, टॅक्सचंच चाललंय कालपासून

बी-304 दादा: मग आता थांबू नका, 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा आणि बँकेला पण कळवा, जितकं लवकर तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी सगळे स्क्रीनशॉट काढायला सांगा, चॅट डिलीट करू नका

सी-201 काका: मी खाली येतो, दिरांना घेऊन या, बँक उघडी आहे अजून

ए-303 वहिनी: हो हो निघालोच