गुन्हा नोंद झाला म्हणजे चोर ठरला का?

रंकाळ्याचा_वारा:
गुंतवणुकीचे पैसे बुडाले म्हणून एका योजनेच्या चालकावर गुन्हा नोंद झालाय. आमच्या पेठेत त्याच्या फोटोवर 'चोर' लिहून फलक लावायचं चाललंय. चालतंय का हे?

शाहूपुरी_कट्टा:
नका लावू. एफआयआर म्हणजे तपासाची सुरुवात. पैसे परत न देणं आणि फसवणूक यांतही फरक हाय. पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. नुसता धंदा बुडाला तर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागू होत नाही. फलकावर मात्र बदनामीचं कलम ३५६ लागू शकतं, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. फुकट त्याच्या वकिलाला खाद्य!

दावा_अर्ज:
आणि जामीन झाला की "सेटिंग झालं" म्हणू नका. मुदतीत, म्हणजे कलमानुसार ६० किंवा ९० दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. निर्दोष सुटका वेगळी.

रंकाळ्याचा_वारा:
मग आमचे पैसे?

दावा_अर्ज:
ठेवीदार संरक्षणाच्या १९९९ च्या कायद्यात शिक्षा होण्याआधीच मालमत्ता जप्त करता येते. आर्थिक गुन्हे शाखेत ठेवपत्र, पावत्या, खाते उतारा द्या, पोच घ्या. मूळ कागद हातचा सोडू नका. तपासाला तो द्यावा लागलाच तर तो घेतल्याच्या पंचनाम्याची प्रत मागा. मिळालेलं व्याजही लिहा. ते लपवलं की उलटतपासणीत तक्रारच लंगडी पडते. रोखीत, पावतीशिवाय दिलेल्या रकमेवर बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं.