धास्ती, धडकी की धसका? भयकथा सुचवताना कोणते शब्द वापरावेत

पानखूण:
मी ग्रंथपाल आहे, दिवसाचा बराचसा वेळ देवघेवीच्या टेबलावर जातो. शब्दांची मदत हवी आहे. वाचक येतात आणि म्हणतात, "काहीतरी हॉरर द्या." या एका शब्दाखाली प्रत्येकाला वेगळंच हवं असतं. एकाला भूत पाहिजे. दुसरीला भूत नको, पण वाचून झाल्यावर दिवा मालवायची हिंमत होऊ नये. तिसऱ्याला रक्तपात. "किती भीतिदायक हवं?" असं विचारलं तर "चांगलं भीतिदायक" एवढंच उत्तर मिळतं. त्यावरून कपाटापर्यंतही जाता येत नाही.

आमच्या क्षेत्रात यावर विचार झालेला आहे. जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांचं वाचक-मार्गदर्शनावरचं पुस्तक १९८९ साली आलं. पुस्तक कशाबद्दल आहे यापेक्षा वाचकाला त्यात ओढून नेणारं काय आहे ते बघा, असं त्या म्हणतात. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या: गती, पात्रं, कथानकाची घडण आणि चौकट, म्हणजे वातावरण वगैरे. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला "गती कशी हवी?" असं मराठीत विचारलं की तो गोंधळतो.

तर माझे प्रश्न असे. भयकथा, भीतिकथा, गूढकथा यांत नेमका फरक काय? भीतीच्या जाती सांगणारे, बोलण्यातले शब्द कोणते? आणि मी करते ती 'शिफारस' की नुसतं 'सुचवणं'?

तत्सम:
आधी सोपा भाग. 'भीती' सुटा लिहिताना दुसरी वेलांटी, समासात पहिली: भीतिदायक, भीतिग्रस्त. म्हणजे 'भीतिकथा' हा शब्द शुद्ध आहे, पण तो रुळलेला नाही. समास करताना आपण 'भय' उचलतो: भयकथा, भयपट, भयगंड. घरात मात्र कुणी "मला भय वाटतं" म्हणत नाही. तेव्हा पाटीवर 'भयकथा' आणि बोलताना 'भीती' अशी वाटणी आपोआपच झालेली आहे, ती मोडू नये.

शिफारस आणि सुचवणं यांत वजनाचा फरक आहे. शिफारस फारसीतून आली. माणसाची शिफारस करतो तेव्हा आपण त्याच्यासाठी शब्द टाकतो, थोडीफार हमी घेतो. सुचवण्यात हमी नसते. समोरचा "नको" म्हणाला तरी कुणाचा मान जात नाही. भयकथेच्या बाबतीत तर कोण कशाला घाबरेल याची हमी कुणीच देऊ नये. मी 'सुचवणं'च वापरेन.

दिवाभीत:
आयडी बघून कळलंच असेल, मी या कपाटाचा जुना गिऱ्हाईक. ताई, तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला. मराठीत भीतीचे शब्द भरपूर आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. माझ्या मते त्यांचा पहिला फरक वेळेचा आहे.

धास्ती आधी असते. अजून काही घडलेलं नाही, पण घडणार हे माहीत आहे. "मी त्याची धास्तीच घेतली होती" हे घटनेच्या अलीकडचं वाक्य आहे. धडकी त्या क्षणाची: दार उघडलं आणि धडकी भरली. धसका नंतरचा. प्रसंग सरतो, माणूस सावरल्यासारखा दिसतो आणि धसका आत राहतो. "तेव्हापासून तिने पाण्याचा धसका घेतलाय" यातला 'तेव्हापासून' महत्त्वाचा.

पुस्तकांचंही असंच असतं. काही कादंबऱ्या अडीचशे पानं नुसती धास्ती वाढवत नेतात आणि शेवटी फारसं काही घडतही नाही. काहींत दर प्रकरणाला धडकी भरते, पण पुस्तक मिटलं की विषय संपला. आणि काही वाचताना साध्या वाटतात, चार दिवसांनी जिन्यात आठवतात. मला स्वतःला तिसरी जात हवी असते. पण आजवर कुणी मला तसं विचारलेलं नाही. "ताजं आलंय, न्या" एवढंच.

तत्सम:
धास्ती, धडकी, धसका, धाकधूक. सगळी 'ध'ची बाराखडी. (धाक मात्र यात धरू नका. धाक माणसाचा असतो, पुस्तकाचा नाही. दहशतही तशीच, ती बसवणारा कुणीतरी लागतो.)

रसिक:
शब्द शोधायला इतक्या जवळ का थांबता? भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत, त्यांत भयानक आणि बीभत्स वेगळे काढलेले आहेत. भयानकाचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, भय; बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. 'हॉरर'च्या एका डब्यात आपण दोन्ही कोंबतो आणि मग वाचक वैतागतो. दोहोंचं नातंही भरताने सांगून ठेवलं आहे: बीभत्सातून भयानक उपजतो.

पोटभेद तर तुमच्या टेबलावर थेट उपयोगी पडतील असे आहेत. बीभत्साचा एक प्रकार क्षोभज, तो रक्त वगैरे पाहून होतो. दुसरा उद्वेगी, तो विष्ठा आणि कृमी यांनी. म्हणजे रक्त चालतं पण किडे चालत नाहीत असा वाचक भरतालाही ठाऊक होता म्हणायचा! भयानकाचे तीन: व्याजाने म्हणजे खोटंखोटं भासवलेलं भय, अपराधातून आलेलं, आणि कुणीतरी त्रस्त केल्यामुळे आलेलं. यातलं दुसरं माझ्या आवडीचं. नायकानेच मागे कधीतरी काहीतरी केलेलं असतं आणि ते परतून येतं. अशा कथेत भूत असलं काय, नसलं काय.

अवांतर: अॅन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये छापला गेला. त्यात तिने 'टेरर' आणि 'हॉरर' वेगळे केले. पहिल्याने मन विस्तारतं, जागं होतं. दुसऱ्याने ते आकसतं, गोठतं. 'टेरर'ला मी धास्तीच म्हणेन. मग दुकानांत आणि पाट्यांवर सरसकट 'हॉरर' कसं राहिलं, हा ज्याचा त्याचा दैवयोग.

पानखूण:
रसिक, क्षोभज आणि उद्वेगी हे शब्द टेबलावर उच्चारले तर वाचक परत येणार नाही! पण भेद अगदी खरा आहे. मी तो "रक्तपात चालेल का? आणि किळसवाणं?" असा दोन वेगळ्या प्रश्नांत विचारेन. हे दोन प्रश्न एकत्र विचारले की लोक पटकन "हो हो, सगळं चालतं" म्हणतात. सुटे विचारले की दुसऱ्यावर थांबतात.

दिवाभीत, तुमची आधी-तेव्हा-नंतर ही फोड मला थेट वापरता येईल. 'गती' या शब्दाची गरजच उरत नाही. धास्तीचं पुस्तक संथच असतं, आणि 'संथ' म्हटलं की वाचकाला कंटाळवाणं ऐकू येतं. "हळूहळू धास्ती वाढत जाते" म्हटलं की तोच वाचक हात पुढे करतो.

काठावरचा:
एक शंका. हे जरा जास्तच होत नाही का? 'हॉरर' सगळ्यांना कळतं. वाचकाला पुस्तक हवंय, मुलाखत नको. कपाटावर पाटी लावा, तो शोधेल.

दिवाभीत:
पाटीवर नेमकं काय लावणार? डग्लस विंटर या अमेरिकन समीक्षकाचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे: हॉरर हा रहस्यकथा किंवा विज्ञानकथेसारखा साहित्यप्रकारच नाही, ती एक भावना आहे. पटण्यासारखं आहे. ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की आत काय असेल ते कळतं. विज्ञानकथेचंही तसंच. 'भयकथा' हे नाव मात्र पुस्तकाच्या आतलं काहीच सांगत नाही, वाचणाऱ्याचं काय होईल तेवढं सांगतं. (विनोदी कथेचंही हेच. आणि विनोद सुचवणंही तितकंच अवघड, कुणाला कशाचं हसू येईल सांगता येत नाही.) त्यामुळे धास्ती देणारी निम्मी पुस्तकं दुसऱ्याच कपाटांत असतात: कौटुंबिक कादंबऱ्यांत, विज्ञानकथांत, कधी आत्मचरित्रांतसुद्धा. पाटीवर विसंबणाऱ्याला ती कधीच सापडत नाहीत. ती ग्रंथपालालाच माहीत असतात.

पानखूण:
अगदी. आणि काठावरचा, मुलाखत घ्यायची नसतेच. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१च्या पाच सूत्रांत 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' आहे, तसं 'वाचकाचा वेळ वाचवा' हेही आहे. मी एवढंच विचारते: "अलीकडे वाचलेलं काय आवडलं? त्यातलं काय लक्षात राहिलं?" पुस्तक भयकथाच असायला हवं असंही नाही. वाचक प्रसंग सांगायला लागला की त्याचे शब्द ऐकायचे. "दचकलोच" म्हणणारा आणि "अस्वस्थ वाटत राहिलं" म्हणणारा, दोघांना एकच पुस्तक देऊन चालत नाही.

तत्सम:
ऐकताना एक काळजी घ्या. "अंगावर काटा आला" यावरून काही ठरवू नका. काटा भीतीने येतो, तसा चांगलं गाणं ऐकूनही येतो. 'रोमांच'चा अर्थही मुळात तोच, अंगावरचे केस उभे राहणं. पण 'रोमांचक' आता पार मजेच्या बाजूला गेला आहे. मलपृष्ठावर 'रोमांचक' छापलेलं पुस्तक बहुधा पाठलागाचं असतं. 'थरारक'चंही तसंच. 'थरकाप' मात्र अजून भीतीचाच आहे.

पानखूण:
हे नोंदवून ठेवते. आणखी एक शब्द हवा आहे. काय नको हे विचारायचं असतं, विशेषतः लहान मुलांना किंवा प्राण्यांना इजा होणारे प्रसंग. यात वाचकाला कमकुवत ठरवल्यासारखं वाटू नये. "तुम्हाला झेपेल का?" हे वाक्य मी कधीच वापरत नाही. त्यात आव्हान आहे, मग माणूस नको असलेलंही घेऊन जातो.

रसिक:
"काही वर्ज्य आहे का?" गाण्यात रागाला काही स्वर वर्ज्य असतात, त्यात रागाचा कमीपणा नसतो.

दिवाभीत:
छान आहे, पण मला असं विचारलं तर मी पथ्याचं बोलायला लागेन. "यात अमुक आहे, चालेल ना?" एवढं पुरे. आपण सांगायचं, त्याने ठरवायचं. आणि एक विनंती, सगळ्या ग्रंथपालांना: "हे असलं वाचता आणि झोप कशी लागते?" असं हसतहसतसुद्धा म्हणू नका. भयकथेचा वाचक त्या वाक्यानंतर टेबलावर विचारायला येत नाही, स्वतःच कपाट धुंडाळत बसतो.

काठावरचा:
बरं, पटलं थोडंसं. पण पहिल्या प्रश्नातली गूढकथा राहिलीच.

तत्सम:
रहस्यकथा, गूढकथा, भयकथा ही नावं सर्रास एकमेकांत मिसळतात. नारायण धारपांचं नाव निघालं की वाचक भयकथा म्हणतात, रत्नाकर मतकरींच्या बाबतीत गूढकथा. ढोबळ फरक 'उलगडा' या शब्दावर करता येतो. रहस्याचा उलगडा व्हावाच लागतो, नाहीतर वाचक फसवल्याची तक्रार करतो. गूढ उकललं नाही तरी चालतं, किंबहुना पूर्ण उकललं तर ते गूढ राहत नाही. भयकथा दोन्हीकडे जाऊ शकते. "काहीतरी गूढ द्या" म्हणणाऱ्याला गुप्तहेराचं पुस्तक दिलं जातं ते या घोळामुळेच.

पानखूण:
यात माझी खरी अडचण येते. बरेच वाचक विचारतात, "शेवटी भूत खरं असतं का?" ज्यांना भूत खरंच हवं असतं त्यांना शेवटच्या प्रकरणात "सगळा मनाचा खेळ होता" असं कळलं की भयंकर चीड येते. उलट काहींना नेमका तोच उलगडा हवा असतो. पण हो किंवा नाही सांगितलं की पुस्तकातली गंमत गेली. तेव्हा पुस्तकाबद्दल न सांगता त्यांनाच विचारते: "शेवटी उलगडा झालेला आवडतो की नाही?" उत्तरावरून मी मुकाट्याने पुस्तक बदलते.

दिवाभीत:
म्हणजे तुम्ही दुसरं पुस्तक काढायला वळलात की आम्ही ओळखायचं!

पानखूण:
म्हणून तर आधीच दोन-तीन पुस्तकं काढून ठेवते.