मदत हवी आहे: मॉसफेटची गेट कपॅसिटन्स दोन पद्धतींनी दोन वेगळी येतेय

नमस्कार मंडळी,
टू स्टेज ऑपअँपचं डिझाईन चालू आहे, १८० नॅनोमीटर प्रोसेस, बीएसआयएम थ्री या ट्रान्झिस्टर मॉडेलची फाईल, सिम्युलेटर एनजीस्पाइस. करंट मिररच्या नोडचा पोल (ज्या फ्रिक्वेन्सीपासून गेन घसरू लागतो ती) हाताने काढायचाय, त्यासाठी सीजीएस (गेट-सोर्स कपॅसिटन्स) आणि सीजीडी (गेट-ड्रेन कपॅसिटन्स) हवेत नि तिथेच घोडं अडलंय.

एनमॉस, डब्ल्यू (रुंदी) १० मायक्रॉन, एल (लांबी) ०.१८, सॅच्युरेशनमध्ये. गेट ऑक्साइड ४.१ नॅनोमीटर म्हणजे सीऑक्स (ऑक्साइडची कपॅसिटन्स) साधारण ८.४ फेम्टोफॅरड दर चौरस मायक्रॉन, दोन तृतीयांशवाला फॉर्म्युला (२/३ गुणिले डब्ल्यू, एल, सीऑक्स) लावला की १० फेम्टो. ऑपरेटिंग पॉइंटवर सीजीजी (गेटची कपॅसिटन्स) प्रिंट केला तर ११, म्हटलं जमलं बुवा. पण गेटला १ व्होल्टचा एसी सोर्स लावून गेट करंटचा इमॅजिनरी भाग भागिले टू पाय एफ केलं तर थेट २७! वर प्रिंटमध्ये सीजीएस निगेटिव्ह. आणि त्याच रनमध्ये ड्रेन करंटवरून सीजीडी बघायला गेलो तर २ मिलीफॅरड, एवढा तर पॉवर सप्लायमध्ये घालतात राव. (फ्रिक्वेन्सी ०.१५९ हर्ट्झ ठेवलीये, म्हणजे ओमेगा १ होतो आणि करंटचा आकडा सरळ फॅरडमध्ये वाचता येतो. ड्रेनला नुसता डीसी सोर्स आहे.) धरायचं कुठलं?

प्रतिसाद १:
मॉडेल फाईलमध्ये सीजीएसओ आणि सीजीडीओ (गेट सोर्स-ड्रेनवर जिथे चढतो त्या ओव्हरलॅपची कपॅसिटन्स) किती दिलेत ते सांगा आधी. आणि ड्रेनला रेझिस्टर नाही ते बरंय, नाहीतर मिलर इफेक्टमुळे सीजीडी गेनपटीने फुगून दिसला असता.

धागाकर्ता:
दोन्ही ८ई-१०, फॅरड दर मीटर.

प्रतिसाद १:
मग झालं की. ८ई-१० म्हणजे ०.८ फेम्टो दर मायक्रॉन, गुणिले १० मायक्रॉन, ८ फेम्टो सोर्सकडे नि ८ ड्रेनकडे. ११ अधिक १६, २७. एनजीस्पाइस जो सीजीजी छापतो तो फक्त चॅनेलचा, ओव्हरलॅप त्यात धरलेला नसतो, एसी ॲनालिसिसमध्ये मात्र सगळं येतं. पोलसाठी ओव्हरलॅपसकटच धरा, एवढ्या छोट्या एलला तो चॅनेलपेक्षा जास्त भरतोय बघा. निगेटिव्हचं टेन्शन घेऊ नका, तो सीजीएस म्हणजे सोर्सचं व्होल्टेज वाढवलं तर गेटवरचा चार्ज किती बदलतो ते, चार्ज कमी होतो म्हणून मायनस.

प्रतिसाद २:
ते २ मिली म्हणजे जीएम (गेट व्होल्टेजने ड्रेन करंट किती बदलतो ते) आहे हो, २ मिलीसीमेन्स! ड्रेन करंटचा मॅग्निट्यूड वाचलात तर तोच दिसणार, कपॅसिटन्स त्याच्याखाली गाडली जाते. सीजीडीसाठी एसी ड्रेनला द्या, गेटचा एसी शून्य करा नि गेटचा करंट बघा, तिथे जीएम मध्ये येतच नाही. उलट दिशेने, म्हणजे गेट हलवून ड्रेनच्या करंटचा इमॅजिनरी भाग घेतलात तर सीडीजी (गेट व्होल्टेजने ड्रेनचा चार्ज किती बदलतो ते) मिळेल आणि सॅच्युरेशनमध्ये ते दोन सारखे नसतात, त्यावरून परत भांडण नको.

अजून एक, मिररमध्ये डायोड जोडलेल्याचा सीजीडी शॉर्टच होतो, पण सीजीएस दोघांचे धरावे लागतात, शिवाय ड्रेन-बॉडी जंक्शन आहेच. एडी, पीडी (ड्रेनचं क्षेत्रफळ नि परिमिती) नेटलिस्टमध्ये दिलेत का? नसतील तर ते जंक्शन कपॅसिटन्स नीट येणार नाही नि पोल कागदावरच लांब पळेल.