शब्दचर्चा : 'अंडरकव्हर' पोलिसाला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा
मुली विकणाऱ्या टोळीत शिरलेला पोलीस आणि त्याच टोळीचा हिशेब ठेवणारी तरुणी, अशी प्रेम-रहस्यकथा लिहितोय. दोन शब्दांवर गाडं अडलंय. 'गुप्तहेर' लिहिलं की डोळ्यांपुढे बहिर्जी नाईक उभे राहतात. माझा नायक आहे मुंबईचा फौजदार. आणि 'ट्रॅफिकिंग'ला मानवी तस्करी म्हणू की मानवी वाहतूक?

प्रतिसाद
दुसरं आधी उरकतो. पोलिसांच्या कक्षाचं नाव 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष' असतं खरं, पण कादंबरीत 'वाहतूक' वाचून सिग्नलवरचा हवालदारच दिसेल. 'तस्करी' वर्तमानपत्रांनी रुजवलाय, निवेदनात चालेल. फक्त त्यात चोरून सीमा ओलांडल्याचा वास आहे. शेजारच्या तालुक्यातली मुलगी नोकरीच्या आमिषाने आणून विकली तरी गुन्हा तोच. संविधानाच्या मराठी पाठातला 'अपव्यापार' नेमका आहे, पण बोलतं कोण? पात्रांच्या तोंडी 'धंद्याला लावणं'च ठेवा.

आता तुमचा फौजदार. छाप्याच्या बातम्यांत 'बनावट गिऱ्हाईक' येतं, बोलण्यात 'पंटर'. हा बहुतेकदा पोलीस नसतोच. पंचांसमोर नोटांचे नंबर लिहून घेतात, त्या नोटा पंटरकडे देतात. सौदा ठरला की त्याने ठरलेला इशारा करायचा, मिस्ड कॉल वगैरे, आणि दबा धरून बसलेलं पथक आत घुसतं. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या (पोलिसांच्या भाषेत 'पीटा') कलम १५ प्रमाणे झडतीच्या पथकात किमान दोन महिला पोलीस लागतात, पंचांतही एक तरी बाई लागते. तेव्हा नायकाने एकट्याने दार तोडून नायिकेला उचलून नेणं... असो, प्रेमकथा तुमची आहे.

महिनोन्महिने टोळीत राहणाऱ्यासाठी मी 'पेरलेला माणूस' म्हणेन. 'साध्या वेशातला' म्हणजे नुसता वर्दी न घातलेला, त्याने काम भागणार नाही.

प्रतिसाद
'पेरलेला' झकास. पण 'पंटर' सोडू नका! मुंबईत भाईच्या मागे फिरणारी पोरंही पंटरच. म्हणजे 'तो आपलाच पंटर आहे' हे वाक्य पोलीस ठाण्यातही चालतं आणि अड्ड्यावरही. रहस्यकथेला आणखी काय हवं?

आणि खबऱ्याला कागदावर 'बातमीदार' लिहितात. एफआयआरच्या भाषेत 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली' असं येतं. पुण्याचा वाचक पत्रकार समजेल, तेवढं सांभाळा.

प्रतिसाद
शब्द कुठलाही घ्या, बिंग फुटतं ते सर्वनामात. टोळीतला म्हणून ती त्याला 'ए, तू जेवलास का' म्हणत असणार. छाप्याच्या रात्री हवालदाराने त्याला सलाम ठोकला की तिच्या तोंडून 'तुम्ही' बाहेर पडेल, वर 'साहेब'. इंग्रजीत हे पानभर समजावावं लागतं. पुढे ती पुन्हा 'तू'वर कधी येते, तिथे तुमचं प्रेमप्रकरण आहे.

विचारणाकर्ता
'पंटर' पक्का. 'तुम्ही साहेब'चं प्रकरण आजच पुन्हा लिहायला घेतो. त्यात ती त्याला पहिल्या भेटीपासून 'अहो' म्हणतेय.