गाय चरायला सोडावी की चारा कापून गव्हाणीत टाकावा?

माळकरी: चार गीर गायी, दोन एकर मारवेल गवत. झटका तारेने (सौम्य विजेचा धक्का देणारी तार) चार-चार गुंठ्यांचे वीस पट्टे पाडलेत, रोज एक पट्टा. गवत घोट्याएवढं उरलं की तार पुढे सरकते. एकविसाव्या दिवशी गायी परत पहिल्या पट्ट्यात. दूध गायीमागे लिटरभर घटलं, पण महिन्याला पाच पोती पेंड लागायची ती तीनवर आली. चारा कापणाऱ्या गड्याची हजेरी वाचली. शेण गायीच टाकतात. माझ्या मते सेंद्रिय दूधधंदा परवडवायचा तर हाच रस्ता.

गोठेवाला: पावसाळ्यात सगळेच शहाणे असतात. मार्चमध्ये काय चारता, तार?

माळकरी: दिवाळीनंतर चराई बंद. कडबा आणि मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा). बारमाही चरतात असं मी कुठे म्हटलं?

नगरी: हिवरे बाजार विसरलात का? पोपटराव पवारांच्या गावाने चराईबंदी केली, गवत कापूनच न्यायचं ठरवलं. डोंगर हिरवा झाला आणि गावाचं दूध दिवसाला दीडशे लिटरवरून हजारोंत गेलं. गुरं मोकळी सोडली की माळ बोडका होतो, हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं.

माळकरी: दादा, तिथे मोकाट चराई बंद केली. गवताला विसावा मिळाला म्हणून ते वाढलं. मीही विसावाच देतोय, एकोणीस दिवसांचा. फरक इतकाच की सामायिक डोंगरावर माझी तार चालणार नाही. तिथे बंदीच बरी, हे मान्य.

डांगीवाली: नगरच्या अकोले तालुक्याकडे या जरा. आषाढात चार गुंठ्यांत चार गायी दिवसभर उभ्या केल्या तर संध्याकाळी गवत नाही, रोपवाटिकेचा चिखल मिळेल. आम्ही झड लागली की गुरं खडकाळ टेपावर नेतो. आणि गोचिडांचं काय? पिल्लं गवताच्या शेंड्यावर महिनोन्महिने वाट बघत बसतात. तुमच्या वीस दिवसांना ती हसतात.

माळकरी: गोचिडांवर तुम्ही बरोबर पकडलंत. सेंद्रिय असल्याने रासायनिक औषध मारता येत नाही, म्हणून रोज सकाळी कास, कान आणि शेपटीखाली हात फिरवतो. काल एकीच्या कानात अकरा सापडले. कोंबड्या सोडल्यात, त्या दिसतील तेवढे टिपतात.

गोठेवाला: म्हणजे वाचलेली हजेरी गोचीड वेचण्यात गेली!

माळकरी: अर्धी. उरलेल्या अर्ध्यात तुम्हाला चहा पाजतो, या एकदा.

गोठेवाला: येतो. पण कोवळ्या ज्वारीजवळून नेऊ नका त्यांना. आमच्या शेजारच्याची गाय किराळ (कोवळ्या ज्वारीतलं विष) लागून गेलीय.