मदत हवी आहे: दहेजची नोकरी घ्यावी की लोट्यातच राहावं?

मंडळी, मी गुहागर तालुक्यातला. लोटे परशुराम एमआयडीसीत केमिकल प्लँटला शिफ्टमध्ये आहे, हातात २६ हजार येतात. गुजरातमध्ये दहेजला ४५ हजार आणि राहायला खोली मिळतेय, काम तेच. नुसता पगार बघितला तर विचारायचंच काय!

अडतंय ते बागेपाशी. हापूसची ६० कलमं आहेत आणि बाबांना आता फवारणी झेपत नाही. मोहोर आल्यापासून मे संपेपर्यंत घरचं माणूस लागतंच. सध्या मी रात्रपाळ्या मागून घेऊन कसंबसं निभावतो. लोट्यातल्याच दुसऱ्या कंपन्यांत विचारून झालंय, फार तर तीन-चार हजार वाढतील. आईबाबा गाव सोडून येणार नाहीत, तेव्हा तो पर्याय कृपया सुचवू नका. बहीण चिपळूणला आहे, दुखण्याखुपण्याला धावून येते.

उरतो पर्याय बाग कराराने द्यायचा. भीती कल्टारची, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर लवकर आणणाऱ्या औषधाची. वर्ष-दोन वर्षांसाठी घेणारा जुलै-ऑगस्टात बुंध्याभोवती बेसुमार कल्टार घालतो, लवकर पीक काढून मोकळा होतो आणि थकलेली कलमं आपल्या पदरात. शेजारच्या वाडीत हेच झालं.

महिनाअखेरीला दहेजला कळवायचंय. ज्यांनी बाग कराराने देऊन बाहेर नोकरी केली त्यांनी सांगा: करार किती वर्षांचा केलात, कल्टारची मात्रा आणि खतांबद्दल कागदावर नेमकं काय लिहून घेतलंत, आणि ते पाळलं जातंय का हे लांबून कसं बघता?